कामाचा कंटाळा कुठून येतो आणि त्यावर काय करता येते

कामाचा कंटाळा आला असे कोणी म्हटले, की आपल्याकडे त्याला बहुधा दोनच उत्तरे मिळतात. एक म्हणजे ‘नोकरी आहे हेच नशीब समज’ आणि दुसरे म्हणजे ‘मन लावून काम कर, आपोआप कंटाळा जाईल’. दोन्ही उत्तरे देणारा माणूस असे धरून चालतो, की कंटाळा हा स्वभावातला दोष आहे आणि तो इच्छाशक्तीच्या जोरावर घालवता येतो. कामाच्या मानसशास्त्रात गेल्या शंभर वर्षांत जो अभ्यास झाला आहे, त्यातून वेगळेच चित्र दिसते. कंटाळा बऱ्याच अंशी कामाच्या घडणीतून येतो, निरनिराळ्या घडणीच्या कामांतून निरनिराळ्या जातीचा कंटाळा येतो, आणि आपला कंटाळा नेमका कोणत्या जातीचा आहे हे ओळखल्याखेरीज केलेला उपाय सहसा वाया जातो. ही एकच गोष्ट येथे सविस्तर सांगायची आहे, कारण ती माहीत नसल्यामुळे पुष्कळ चांगली माणसे स्वतःला उगाच कामचुकार समजत राहतात.

कॅनडातील यॉर्क विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ जॉन ईस्टवूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये कंटाळ्याची एक नेमकी व्याख्या मांडली. समाधान देणाऱ्या कशात तरी गुंतावे अशी इच्छा आहे, पण गुंतता येत नाही, आणि हे न जमणे मनाला त्रास देते, अशी ती अवस्था आहे. या व्याख्येतला इच्छेचा भाग फार महत्त्वाचा आहे. आळशी माणसाला काम मिळाले नाही तर तो खुशीत असतो. कंटाळलेल्या माणसाला मात्र आपली बुद्धी आणि आपले हात रिकामे पडले आहेत हेच सहन होत नाही. थकवाही यापासून वेगळा असतो, कारण थकलेल्या माणसाला विश्रांती हवी असते आणि कंटाळलेल्याला दुसरे काहीतरी करायला हवे असते. दुपारभर टेबलावर जांभया देणारा कारकून संध्याकाळी भजनी मंडळात दोन तास उभा राहून टाळ वाजवू शकतो, तेव्हा दुपारी त्याचे शरीर दमलेले नव्हते हे उघड आहे. त्याचे लक्ष धरून ठेवील असे समोर काही नव्हते.

लक्ष धरून ठेवणे किती अवघड असते, हे पहाऱ्याच्या कामांत सर्वांत स्पष्ट दिसते. सोसायटीच्या फाटकावरचा रखवालदार, सीसीटीव्हीच्या पडद्यांसमोर बसलेला कर्मचारी, कारखान्याच्या कंट्रोल रूममधील ऑपरेटर, विमानतळावर बॅगांची क्ष-किरण चित्रे तपासणारा जवान, या सर्वांचे काम म्हणजे सतत पाहत राहणे, आणि त्या पाहण्यात बहुतेक वेळ काहीच घडत नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलापुढे हाच प्रश्न उभा राहिला होता. रडारच्या पडद्यावर शत्रूच्या पाणबुडीची बारीकशी खूण शोधणारे तरुण ऑपरेटर चांगले प्रशिक्षित होते, तरीही काही वेळाने त्यांच्या नजरेतून खुणा निसटू लागत. नॉर्मन मॅकवर्थ या मानसशास्त्रज्ञाने त्यासाठी एक साधे यंत्र तयार केले. एका कोऱ्या तबकडीवर एक काटा दर सेकंदाला एक टप्पा पुढे सरके आणि शंभर टप्प्यांत फेरी पूर्ण करी. अधूनमधून, कोणताही ठरावीक क्रम नसताना, तो एकदम दोन टप्प्यांची उडी मारी. उडी दिसली की समोरचे बटण दाबायचे, एवढेच काम दोन तास करायचे होते. १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत असे दिसले, की पहिला अर्धा तास उलटल्यावर उड्या निसटण्याचे प्रमाण ठळकपणे वाढते. मुले तीच होती, डोळे तेच होते आणि चूक झाल्यास तिची किंमत काय हेही त्यांना माहीत होते.

मॅकवर्थ यांनी या घसरणीवर उपायही शोधले, आणि मला त्यांच्या कामाचा हाच भाग अधिक मोलाचा वाटतो. अर्धा तास काटा पाहायचा आणि पुढचा अर्धा तास ते काम थांबवायचे, अशी पाळी लावल्यावर घसरण थांबली. उडी बरोबर टिपली की निसटली हे त्या क्षणीच सांगितल्यावरही लक्ष टिकून राहिले. म्हणजे पाहणाऱ्याला दोन गोष्टी हव्या होत्या, थोडा बदल आणि आपल्या पाहण्याचा काही परिणाम होतो आहे याची खूण. पुढे २००५ मध्ये अमेरिकेतील जेरेमी वुल्फ आणि सहकाऱ्यांनी याला आणखी एक बाजू जोडली. चित्रांच्या गर्दीत एखादी वस्तू शोधायची होती. ती निम्म्या चित्रांत असे तेव्हा शोधणाऱ्यांकडून ती सुमारे ७ टक्के वेळा निसटली. पण शंभरात एकदाच असे तेव्हा निसटण्याचे प्रमाण ३० टक्क्यांवर गेले. जे क्वचितच घडते ते घडले तरी दिसत नाही, असा याचा अर्थ आहे. ‘डोळ्यांत तेल घालून पहारा कर’ हा उपदेश म्हणूनच फारसा उपयोगी पडत नाही. युरोपीय संघाच्या विमानतळ सुरक्षेच्या नियमांत क्ष-किरण चित्रे सलग वीस मिनिटांहून अधिक काळ सहसा पाहू नयेत आणि त्यानंतर किमान दहा मिनिटे ती पाहण्याचे काम देऊ नये अशी तरतूद आहे, ती या वास्तवाची दखल घेऊनच.

आपल्या रेल्वेत या प्रश्नाला दिलेले उत्तर आणखी सुंदर आहे. रात्रीच्या मालगाडीच्या इंजिनात लोको पायलट आणि सहायक लोको पायलट असे दोघे असतात. बाहेर अंधार असतो, इंजिनाचा एकसुरी घरघराट चाललेला असतो आणि पुढच्या दिव्याच्या झोतात तेच रूळ आणि तीच खडी मैलोनमैल येत राहते. अशा वेळी पुढचा सिग्नल दिसला, की एकाने हाताने त्याच्याकडे निर्देश करून तो कोणता आहे आणि कोणता रंग दाखवतो आहे हे मोठ्याने म्हणायचे आणि दुसऱ्याने स्वतः पाहून तेच पुन्हा म्हणायचे, असा दंडक आहे. त्याशिवाय इंजिनात चालकाची दक्षता तपासणारे एक उपकरण बसवलेले असते. चालकाने सुमारे मिनिटभर कोणतेच नियंत्रण हाताळले नाही तर आधी दिवा लुकलुकतो, मग बझर वाजतो, आणि त्यालाही प्रतिसाद मिळाला नाही तर ब्रेक आपोआप लागतात. बोट दाखवून उच्चार करण्याची हीच पद्धत जपानी रेल्वेत फार जुनी आहे, आणि तेथील रेल्वे तंत्र संशोधन संस्थेने १९९४ मध्ये केलेल्या प्रयोगात साध्या कामांतील चुका तिच्यामुळे जवळपास ८५ टक्क्यांनी कमी झाल्याचे आढळले. नुसत्या डोळ्यांवर असलेला भार हात, आवाज आणि कान यांच्यात वाटला जातो, हे त्यामागचे कारण आहे. पहाऱ्याचे काम करणाऱ्या कोणालाही यातून घेण्यासारखे आहे. फाटकावरच्या रखवालदाराने दर तासाला एक फेरी मारून काय पाहिले ते वहीत दोन ओळींत लिहिले आणि सोसायटीच्या सचिवांनी ती वही रोज वाचून एखाद्या नोंदीबद्दल त्याला विचारले, तर मॅकवर्थ यांच्या दोन्ही अटी पूर्ण होतात. वही कोणी वाचतच नसेल, तर मात्र तीही रटाळ कामांत आणखी एकाची भर ठरते.

पहाऱ्याच्या कामातला कंटाळा ही पहिली जात झाली. दुसरी जात तेच ते काम पुन्हा पुन्हा करण्याची. पाकिटे भरणे, अर्ज नोंदवणे, बिले चढवणे, उत्तरपत्रिका तपासणे. हेन्री फोर्ड यांनी १९१३ मध्ये हायलंड पार्कच्या कारखान्यात मोटारींसाठी सरकती जोडणी-रांग सुरू केली, तेव्हा एका मोटारीचा सांगाडा जोडण्याचा वेळ साडेबारा तासांवरून काही महिन्यांतच सुमारे दीड तासावर आला. पण त्याच वर्षी तेथे कामगार सोडून जाण्याचे प्रमाण इतके वाढले, की सुमारे चौदा हजार जागा भरलेल्या ठेवण्यासाठी वर्षभरात बावन्न हजारांच्या आसपास माणसे भरती करावी लागली. जानेवारी १९१४ मध्ये फोर्ड यांनी रोज पाच डॉलर मोबदला जाहीर केला, तो त्या वेळच्या मजुरीच्या सुमारे दुप्पट होता. माणसे त्यानंतर टिकली. परंतु रांगेवरचे काम होते तसेच राहिले, हे लक्षात ठेवले पाहिजे. चांगला पगार माणसाला कंटाळा सोसायला लावू शकतो. कंटाळा घालवणे हे त्याचे काम नाही, आणि पगारवाढ होऊनही मन लागत नाही म्हणून स्वतःला कृतघ्न समजण्याचे कोणाला कारण नाही.

ब्रिटनमधील औद्योगिक थकवा संशोधन मंडळासाठी वायट, फ्रेझर आणि स्टॉक या संशोधकांनी १९२९ मध्ये एकसुरी कामावर एक अहवाल लिहिला. जवळपास शंभर वर्षे उलटल्यावरही त्यातले निष्कर्ष आजच्या कोणत्याही पॅकिंग विभागाला किंवा डेटा एंट्रीच्या खोलीला लागू पडतात. कंटाळ्यामुळे कामाचा वेग सर्वांत जास्त मंदावतो तो पाळीच्या मध्यावर, शेवटी नव्हे, असे त्यांना दिसले. शेवट दिसू लागला की हात पुन्हा वेग घेतात. कामात मधूनमधून बदल केला, मध्ये थोडी विश्रांती दिली, माणसांना एकेकटे न बसवता लहान गटात बसवले, मोबदला केलेल्या नगांनुसार दिला, आणि न संपणाऱ्या कामाऐवजी ते पूर्ण होणाऱ्या लहान लहान तुकड्यांच्या रूपात समोर ठेवले, तर कंटाळा कमी होतो असेही त्यांनी नोंदवले. यातली शेवटची गोष्ट साहेबाच्या परवानगीविना ज्याची त्याला करता येते, म्हणून तिच्यावर थोडे थांबू.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ डोनाल्ड रॉय यांनी १९५९ च्या सुमारास प्रसिद्ध केलेल्या एका निबंधात स्वतः कारखान्यात यंत्रावर काम करतानाचा अनुभव लिहिला आहे. साचा ठेवायचा, यंत्राचा दांडा दाबायचा, कापलेले तुकडे बाजूला करायचे, पुन्हा साचा ठेवायचा, असे ते काम रोज बारा तास चाले. पहिल्या दिवसांत त्यांना ते सोडून पळून जावेसे वाटले. मग त्यांनी स्वतःशीच एक खेळ मांडला. हिरव्या रंगाचे एक हजार तुकडे पूर्ण झाले की तपकिरी रंगाचे घ्यायचे, ते झाले की पांढरे, त्यानंतर साचाच बदलायचा, आणि मध्ये कधीतरी यंत्राखालचा ठोकळा घासून साफ करायचा. खेळ अगदी किरकोळ होता आणि ते त्यांनाही ठाऊक होते, तरीही त्यामुळे बारा तासांना काही टप्पे मिळाले. दुसरा आधार सोबतच्या माणसांचा होता. त्या खोलीतल्या कामगारांनी दिवसाचे ठराविक प्रसंग स्वतःच निर्माण केले होते. एक जण डब्यात केळे आणी, दुसरा ते रोज न चुकता पळवून ‘केळ्याची वेळ झाली’ असे ओरडत खाई, आणि त्यावरून रोज तीच लटकी भांडणे होत. बाहेरच्या माणसाला हा पोरकटपणा वाटेल. पण एकदा रॉय यांच्यामुळेच काही काळ त्या मंडळींत खरा बेबनाव झाला आणि हे सारे थांबले, तेव्हा तेच काम जास्त थकवणारे वाटू लागल्याची नोंद त्यांनी केली आहे. कार्यालयातील चारच्या चहाकडे वेळेचा अपव्यय म्हणून पाहणाऱ्या अधिकाऱ्यांनी हा निबंध जरूर वाचावा असे मला मनापासून वाटते.

हे आपल्या कामात कसे उतरवायचे, याचे एक उदाहरण घेऊ. शाळेतील शिक्षिकेपुढे सहामाही परीक्षेच्या ऐंशी उत्तरपत्रिकांचा गठ्ठा आहे. एकेक उत्तरपत्रिका पहिल्या पानापासून शेवटपर्यंत तपासत गेले तर गठ्ठा कमी होताना दिसत नाही, आणि चाळिसाव्या उत्तरपत्रिकेच्या आसपास डोळे नुसते ओळींवरून फिरू लागतात. त्याऐवजी वीस-वीसचे चार गठ्ठे करावेत आणि एका गठ्ठ्यातला पहिला प्रश्न सर्व मुलांचा तपासून मग दुसऱ्या प्रश्नाकडे वळावे. दर प्रश्नागणिक कामाचे स्वरूप बदलते, निबंधानंतर व्याकरण येते, व्याकरणानंतर पत्रलेखन येते. गठ्ठा संपला की उठून पाणी प्यावे, आणि गुणांची बेरीज व नोंद हे वेगळ्या प्रकारचे काम मुद्दाम मध्यावरच्या मरगळीच्या वेळेसाठी राखून ठेवावे. यात आणखी एक फायदा असा, की एकाच प्रश्नाची वीस उत्तरे लागोपाठ वाचल्याने गुण देण्यात समतोल राहतो. बिले चढवणारा, नोंदी तपासणारा, तक्रारींना उत्तरे देणारा, अशा कोणालाही आपल्या कामाची अशी फोड करता येईल.

तिसऱ्या जातीबद्दल उघडपणे सर्वांत कमी बोलले जाते, कारण तिची लाज वाटते. ती म्हणजे पुरेसे कामच नसणे. आयटी कंपनीत एक प्रकल्प संपल्यावर दुसरा मिळेपर्यंत ‘बेंचवर’ बसलेला अभियंता, बदली होऊन ज्या जागेवर कोणी फायलीच पाठवत नाही अशा जागी आलेला अधिकारी, घरच्या व्यवसायात नावाला टेबल दिलेला धाकटा भाऊ, हे याच अवस्थेतून जात असतात. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते, की बसून पगार मिळतो आहे, आणखी काय हवे. प्रत्यक्षात दिवसभर काम करत असल्याचे दाखवत राहणे हे कामापेक्षा जास्त शिणवणारे असते. एका तासाचे काम दिवसभर पुरवायचे, साहेब जवळून गेले की एक्सेलची शीट उघडायची, सहा वाजले तरी लगेच उठायचे नाही. असे काही महिने गेले, की पूर्वी सहज जमणारे कामही आपल्याला जमेल की नाही अशी शंका मनात घर करते.

याचा आरोग्याशी संबंध आहे का, हा प्रश्न लंडनमधील सरकारी कर्मचाऱ्यांच्या एका दीर्घ अभ्यासात पाहिला गेला. १९८५ ते १९८८ या काळात साडेसात हजार कर्मचाऱ्यांना कंटाळ्याबद्दल विचारले होते आणि २००९ पर्यंत त्यांच्यापैकी कोण हयात आहे हे तपासले. फार कंटाळा येतो असे सांगणाऱ्यांत हृदयविकाराने मृत्यू येण्याचे प्रमाण जास्त दिसले. मात्र त्यांचा हुद्दा, आधीची प्रकृती आणि शारीरिक हालचाल हे घटक लक्षात घेतल्यावर हा फरक बराच ओसरला. म्हणून कंटाळ्याने माणूस मरतो असे म्हणणे चूक ठरेल. कंटाळलेली माणसे बऱ्याचदा खालच्या हुद्द्यावर, कमी हालचालीच्या आणि मुळातच खालावलेल्या प्रकृतीच्या चक्रात अडकलेली असतात, एवढे त्यावरून म्हणता येते. या चक्रातला एक धागा, म्हणजे दिवसभर बसून राहणे, आपल्या हाती आहे.

काम कमी असल्याचे वरिष्ठांना सांगायला लोक घाबरतात, आणि ती भीती निराधार नाही, कारण ‘माझ्याकडे काम नाही’ या वाक्याचा अर्थ ‘माझी गरज नाही’ असा लावला जाऊ शकतो. तेव्हा रिकाम्या हाताने जाऊ नये. आपल्या विभागात कोणते काम रेंगाळले आहे हे आठवडाभर पाहावे आणि त्यातले एखादे नेमके काम मागावे. ‘सर, सहा महिन्यांपासून थकलेल्या येण्यांची यादी कोणी एकत्र केलेली नाही, ती मी पंधरा तारखेपर्यंत करून देतो’, असे सांगणाऱ्याला सहसा कोणी नको म्हणत नाही. काम मोजके, मुदत ठरलेली आणि फायदा वरिष्ठांना दिसणारा, असे त्याचे रूप असावे. बेंचवरच्या काळात काही शिकायचे असेल तर तेही असेच एका ठोस गोष्टीला बांधावे. पंचवीस व्हिडिओ अर्धवट पाहण्यापेक्षा एक लहानसा प्रोग्रॅम पूर्ण लिहून सहकाऱ्याला वापरायला देणे केव्हाही चांगले.

काम भरपूर आहे, त्यात वैविध्यही आहे, पण ते कशासाठी चालले आहे हेच उमगत नाही, अशीही एक जात असते. या स्थितीत माणूस हळूहळू पाट्या टाकू लागतो. मानसशास्त्रज्ञ ॲडम ग्रँट यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग येथे आठवतो. अमेरिकेतील एका विद्यापीठासाठी दूरध्वनीवरून देणग्या मागणारे कर्मचारी रोज तेच संभाषण म्हणत आणि बहुतेक वेळा नकार ऐकत. त्यांच्यातील काही जणांची, त्या देणग्यांतून शिष्यवृत्ती मिळालेल्या एका विद्यार्थ्याशी जेमतेम दहा मिनिटांची भेट घडवली. महिन्याभराने पाहिले तर या गटाचा दूरध्वनीवरचा वेळ दुपटीहून अधिक झाला होता आणि जमवलेली रक्कमही अडीच पटीच्या पुढे गेली होती, तर ज्यांची भेट झाली नव्हती त्यांच्यात असा बदल नव्हता. पगार तोच होता आणि म्हणायचे शब्दही तेच होते. ज्याच्यासाठी काम करतो त्याचा चेहरा दिसला, इतकाच फरक होता. जिल्हा रुग्णालयात केसपेपर काढणाऱ्या कर्मचाऱ्याला महिन्यातून एकदा वॉर्डात फेरी मारता आली, किंवा विमा कंपनीत दावे तपासणाऱ्याला मंजूर झालेल्या दाव्याचे पुढे काय झाले हे कळत गेले, तर हाच परिणाम साधण्याची शक्यता आहे, आणि त्यासाठी फारसा खर्चही येत नाही.

एमी रेझनेव्स्की आणि जेन डटन या अमेरिकन संशोधकांनी २००१ मध्ये मांडलेला विचार याच दिशेचा आहे. रुग्णालयातील सफाई कर्मचाऱ्यांशी बोलताना त्यांना दिसले, की काही जण फक्त नेमून दिलेली साफसफाई करतात, तर काही जण रुग्णांशी आणि नातेवाइकांशी बोलतात, परिचारिकांच्या कामाच्या वेळा पाहून आपले काम बसवतात आणि स्वतःला रुग्ण बरे करणाऱ्या चमूचा भाग मानतात. दुसऱ्या गटाला काम जास्त आवडते. हे खरे असले तरी ते वापरताना मोठी खबरदारी घ्यायला हवी असे माझे ठाम मत आहे. कामात अर्थ शोधणे हा कामगाराचा हक्क आहे. मालकाने पगार, हातमोजे, बूट आणि साप्ताहिक सुट्टी न देण्यासाठी काढलेली ती पळवाट होता कामा नये.

काम फार अवघड असल्यामुळेही कंटाळा येतो, हे मात्र पुष्कळांच्या लक्षात येत नाही. जर्मन मानसशास्त्रज्ञ राइनहार्ड पेक्रुन यांच्या मांडणीनुसार काम आपल्या कुवतीच्या फार खाली असले तरी कंटाळा येतो आणि फार वर असले तरी येतो. नव्या नोकरीत पहिल्या दोन-तीन महिन्यांत सारे बैठकीत बोलतात आणि आपल्याला त्यातले निम्मे कळत नाही, तेव्हा येणारी सुस्ती या प्रकारची असते. तिच्यावर उपाय म्हणजे विचारून घेणे, आणि ते लवकर केलेले बरे, कारण वर्षभराने विचारायची लाज अधिक वाटते.

कंटाळा आला की हात आपोआप मोबाइलकडे जातो. टोरांटो विद्यापीठातील केटी टॅम आणि मायकेल इन्झलिक्ट यांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगमालेत असे आढळले, की एका व्हिडिओवरून दुसऱ्यावर उड्या मारल्याने किंवा व्हिडिओ पुढे पळवल्याने कंटाळा कमी होण्याऐवजी वाढतो. सहभागी लोकांची अपेक्षा नेमकी उलटी होती, कंटाळा टाळण्यासाठीच ते उड्या मारत होते. कंटाळा म्हणजे गुंतता न येणे, हे एकदा लक्षात घेतले की यात आश्चर्य वाटण्याचे कारण उरत नाही. दर दहा सेकंदांनी विषय बदलणारा माणूस कशातच गुंतत नाही. दहा मिनिटांची सुट्टी मिळाली तर एक लेख पूर्ण वाचावा, एक गाणे पूर्ण ऐकावे, किंवा टपरीपर्यंत चालत जाऊन यावे. लांबलेल्या बैठकीत मोबाइल पाहण्यापेक्षा वहीच्या कडेला नक्षी गिरवणे बरे. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जॅकी अँड्रेड यांच्या २००९ च्या, चाळीसच माणसांवर केलेल्या छोट्या प्रयोगात, रटाळ ध्वनिमुद्रण ऐकताना कागदावरचे आकार रंगवणाऱ्यांना इतरांपेक्षा २९ टक्के अधिक तपशील आठवले होते. हात थोडा गुंतलेला राहिला की मन फार दूर भटकत नाही, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते.

आता आपला कंटाळा कोणत्या जातीचा, हे ठरवण्याची एक साधी रीत सांगतो. दोन आठवडे रोज सुटताना एका कागदावर तीन गोष्टी लिहाव्यात: आज कंटाळा कधी आला, त्या वेळी काय करत होतो, आणि तेव्हा नेमके काय हवेसे वाटत होते. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत बोलके असते. ‘बदल हवा होता’ असे पुन्हा पुन्हा आले तर कामाची फोड आणि पाळी बदलून पाहावी. ‘कोणाशी तरी बोलावेसे वाटले’ असे आले तर बसण्याची जागा किंवा चहाची वेळ बदलावी. ‘काही काम हवे होते’ असे असेल तर वरिष्ठांकडे जावे, आणि ‘हे कशाला करतो आहे तेच कळेना’ असे असेल तर आपले काम पुढे कोणाच्या हाती जाते ते स्वतः जाऊन पाहावे.

कधी कधी मात्र कागदावर असे दिसेल, की कंटाळा फक्त कामावर नाही. रविवारीही काही करावेसे वाटत नाही, आवडती माणसे नकोशी झाली आहेत, झोप आणि भूक बिघडली आहे. हे दोन आठवड्यांहून अधिक काळ चालले असेल तर ते नैराश्य असू शकते आणि त्यासाठी डॉक्टरांना भेटणेच योग्य. केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास सुरू असतो आणि तेथे मराठीतही बोलता येते.

राहिला प्रश्न राजीनाम्याचा. कागदावरची नोंद येथेही उपयोगी पडते, कारण केवळ कंपनी बदलून कंटाळ्याची जात बदलत नाही. पहाऱ्याचे काम करणाऱ्याने दुसऱ्या ठिकाणी पहाऱ्याचेच काम धरले तर सहा महिन्यांनी तो पुन्हा त्याच जागी येईल. तेव्हा मुलाखतीला जाताना पगार आणि हुद्दा यांच्या जोडीने आणखी काही प्रश्न न संकोचता विचारावेत. एका दिवसात साधारण किती प्रकारची कामे करावी लागतात, एखादे काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच माणसाकडे असते का, पाळी किती वेळाने बदलते, आणि काम चांगले झाले की वाईट हे कधी आणि कोणाकडून कळते. आधीच्या माणसाने ही जागा का सोडली, हेही विचारावे, आणि शक्य झाल्यास तेथे काम करणाऱ्या कोणाबरोबर तरी चहा घेऊन मगच होकार कळवावा.